मावशींची सहा बटणे

पाणी तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत नमुने स्वीकारण्याच्या दोन खिडक्या होत्या. एकीमागे लांबोडा बसे आणि दुसरीमागे मावशी बसत. लांबोड्याचे हे नाव त्याच्या उंचीवरून पडले होते आणि आता ते त्यालाही खटकत नसे. दोघांचे काम तंतोतंत एकच होते. लोक बाटलीत पाणी घेऊन येत. त्याची नोंद करायची, बाटलीला क्रमांकाची चिठ्ठी लावायची आणि ती तपासणीसाठी आत पाठवायची. संगणकही दोघांना एकाच दिवशी, एकाच खोक्यातून निघालेले मिळाले होते. तरीही दोन पडद्यांमध्ये जमीनअस्मानाचा फरक होता.

लांबोड्याच्या पडद्यावर बत्तीस बटणे होती. मावशींच्या पडद्यावर सहा होती.

ती सहा बटणे कशी आली, हे समजण्यासाठी मावशींचे आधीचे आयुष्य थोडे सांगावे लागेल. नोंदणीच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी बावीस वर्षे त्या त्याच इमारतीच्या मागच्या धुलाईखोलीत बाटल्या धूत होत्या. तपासून झालेली बाटली क्रेटमधून यायची. उरलेले पाणी मोरीत ओतायचे, बाटली आतून ब्रशने घासायची, तीन पाण्यांतून काढायची आणि तोंड खाली करून घडवंचीवर ठेवायची. दिवसाला तीनशे बाटल्या होत. त्यातली बहुतेक वर्षे मावशींना अक्षरओळख नव्हती. कोणती बाटली कोणत्या तपासणीची, हे त्या टोपणाच्या रंगावरून ओळखत. पगाराच्या कागदावर त्या अंगठा उठवीत. शाईने भरलेला तो अंगठा धुवायला त्यांना बाटलीपेक्षा जास्त वेळ लागे, असे त्या सांगत.

नवरा गेला, मुलाचे लग्न झाले, घरात सून आली, आणि मग एकोणपन्नासाव्या वर्षी मावशींनी प्रौढ वर्गात नाव घातले. वर्ग संध्याकाळी पाच ते सात या वेळात शाळेच्या खोलीत भरे. बाके लहान मुलांची होती, त्यामुळे गुडघे बाकाबाहेर काढून, तिरके बसून अक्षरे गिरवावी लागत. चार वर्षांनी मावशी पाटीवरून वहीवर आणि वहीवरून संगणकावर आल्या. नोंदणीवरचे जुने कारकून निवृत्त झाले, तेव्हा त्या वेळच्या प्रमुखांनी विचारले, "मावशी, बाटल्यांची तुमच्याइतकी माहिती इथे कुणाला आहे? बसता का खुर्चीवर?" मावशी बसल्या.

पहिला महिना मात्र त्यांच्या नाकी नऊ आले. बत्तीस बटणांवरची बारीक अक्षरे डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी फिरत. एक शब्द लावेपर्यंत खिडकीसमोरचा माणूस घड्याळ पाहू लागे. त्यातच एक चूक झाली. 'पुढे पाठवा' आणि 'बंद करा' ही दोन बटणे शेजारी शेजारी होती. मावशींनी एक नमुना पुढे पाठवण्याऐवजी बंद केला. बंद झालेल्या नमुन्यांची यादी शीतकपाटापाशी छापून निघते आणि त्या यादीप्रमाणे बाटल्या क्रेटमध्ये भरून धुलाईखोलीत जातात. ती बाटलीही गेली आणि न तपासताच मोरीत रिकामी झाली. चार दिवसांनी निकाल न्यायला एक म्हातारा माणूस आला. दोन बस बदलून तो बाटली घेऊन आला होता. मावशींनी त्याला जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. तो रागावला नाही. त्याने फक्त विचारले, "मग आता परत आणू?" आणि तो निघून गेला. तो दोन शब्द रागाने बोलला असता, तर मावशींना त्या रात्री झोप लागली असती.

पुढच्या आठवड्यात संगणक दुरुस्त करणारा माणूस आला, तेव्हा मावशींनी त्याला गाठले.

"दादा, हे बटण इथून हलवता येतं का?"

"येतं की. कुठं हवंय?"

"जमेल तेवढं लांब."

त्याने माउसची उजवी बाजू दाबली. एक यादी उघडली आणि तिच्यात 'मांडणी बदला' असे लिहिलेले होते. "हे बघा, इथून बटणं काढता येतात, हलवता येतात. अक्षर मोठं करता येतं, रंगही बदलता येतो. सगळं आधीपासूनच आहे यात. कुणी उघडून बघत नाही, एवढंच."

मावशींनी उघडून बघितले. रोज जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटे याप्रमाणे तीन आठवडे त्या पडदा मांडत होत्या. त्यांनी तो आपल्या टेबलासारखा मांडला. टेबलावर बाटली डावीकडून येते आणि उजवीकडे जाते. म्हणून अगदी डावीकडे 'आवक', मग 'चिठ्ठी', मग 'शीतकपाट', मग 'पुढे पाठवा', मग 'निकाल'. धुवायच्या बाटल्यांचा क्रेट टेबलाच्या उजव्या टोकाला, खाली जमिनीवर असतो. म्हणून 'बंद करा' हे बटण पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, एकटे, लाल रंगाचे ठेवले. उरलेली सव्वीस बटणे त्यांना तोवर एकदाही लागली नव्हती, ती त्यांनी काढून टाकली. अक्षर बोटभर उंच केले आणि पडद्याचा रंग फिकट पिवळा केला, कारण पांढऱ्या रंगाने डोळ्यांतून पाणी येई.

लांबोड्याने तो पडदा प्रथम पाहिला, तेव्हा त्याला हसू आवरले नाही. "मावशी, हा संगणक आहे का बालवाडीची पाटी?"

"पाटीच आहे. तुझ्या खुर्चीवरून वाचता येते का सांग."

"येते."

"मग झालं तर. तुझी मला तुझ्या मांडीवर बसूनही वाचता यायची नाही."

त्यानंतर पाच वर्षे मावशींच्या खिडकीवर एकही नमुना चुकीने बंद झाला नाही. नऊ ते बारा या वेळात त्या चाळीस नमुने सहज घेत.

पुढे नवे अधीक्षक आले. त्यांच्याबद्दल वाईट लिहिणे योग्य होणार नाही, कारण ते वेळेवर येत, कुणाचा चहा फुकट पीत नसत आणि त्यांच्या मनात जे होते त्यालाही कारण होते. मावशी एकदा दाढ काढण्यासाठी दोन दिवस रजेवर होत्या, आणि त्यांच्या जागी ज्याला बसवले त्याला बटणे सापडेनात. रांग दारापर्यंत गेली. अधीक्षकांनी ते पाहिले आणि आठवड्याभरात परिपत्रक काढले. सर्व संगणकांची मांडणी यापुढे एकसारखी राहील, ती बदलण्याची सोय कुलूपबंद करण्यात येईल, आणि प्रत्येकाने सोबतच्या संमतिपत्रावर सही करावी, असे त्यात म्हटले होते.

सगळ्यांनी सह्या केल्या. मावशी कागद घेऊन अधीक्षकांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, यावर माझी सही होणार नाही."

"का? वाचायला अडचण आहे का? मी वाचून दाखवतो."

"दोनदा वाचलाय. वाचला म्हणूनच आले."

अधीक्षकांनी पेन खाली ठेवले. "मावशी, तुम्ही नसताना तुमच्या जागी दुसऱ्यानं काम कसं करायचं?"

"तो प्रश्न बरोबर आहे. त्यानं मला विचारलं असतं तर पाच मिनिटांत शिकवलं असतं. पण बत्तीस बटणांपुढे मी बसले, तर रोजच रांग दारापर्यंत जाईल."

"नियम सगळ्यांना सारखा."

"साहेब, ही सोय मी घरून आणलेली नाही. प्रोग्राम ज्यानं बनवला त्यानंच त्यात दार ठेवलं. मी नुसतं उघडलं."

"दार दिसलं म्हणून प्रत्येकानं आत शिरायचं असतं का?"

"मग दार कशासाठी ठेवतात?"

अधीक्षकांनी शांतपणे सांगितले की कुलूप सोमवारपासून लागेल. महिनाअखेरपर्यंत एकसारख्या मांडणीवर चाळीस नमुन्यांचा वेग आला नाही, किंवा संमतिपत्रावर सही झाली नाही, तर मावशींना पुन्हा धुलाईखोलीत जावे लागेल. तिथली एक जागा रिकामीच होती.

सोमवारी पडदा पांढरा झाला. मुंग्या परत आल्या. मावशींनी बारा वाजेपर्यंत सतरा नमुने घेतले. रांगेतली एक बाई मागच्या बाईला म्हणाली, "त्या खिडकीत जा, इथं शिकाऊ बसल्यात." मावशींनी ते ऐकले आणि अठरावा नमुना घेतला.

घरी सुनेने ताटे घेतली आणि सगळे ऐकून घेतले. ती स्पष्ट बोलणारी होती आणि सासूवर तिचा जीव होता.

"आई, करून टाका ना सही. एका सहीनं काय बिघडतं?"

"सही यायला मला एकोणपन्नास वर्षं लागली. ती कुठं करायची आणि कुठं नाही, ते मीच ठरवणार."

"आणि खुर्ची गेली म्हणजे?"

"जाईल. बाटल्या धुण्यात कमीपणा नाही, बावीस वर्षं धुतल्यात. पण धुवायला जाईन ती माझा पडदा वाईट होता असं लिहून देऊन जाणार नाही."

सून म्हणाली, "कुलूप पडद्याला लावलंय ना? पडद्याच्या बाहेर तर लावलं नाही."

ती हे चिडवण्यासाठी म्हणाली असावी. पण मावशींचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भांडारातून हातमोज्यांचे रिकामे खोके मागून घेतले आणि बाटल्या गुंडाळायचा पातळ कागद पडद्यावर धरून पेन्सिलीने बटणांच्या जागा उतरवून घेतल्या. रविवारी दुपारी जेवणाचे टेबल पुसून, पट्टी आणि ब्लेड घेऊन त्या बसल्या. खोक्याचा पुठ्ठा पडद्याच्या मापाचा कापला. त्यावर कागद ठेवून सहा लहान चौकोन आणि खाली नोंदीसाठी एक मोठा चौकोन कापून काढला. काम झाल्यावर पुठ्ठा उभा धरून त्यांनी सुनेला दाखवला.

सुनेने पुठ्ठा पाहिला, बाजूला पडलेला कागद पाहिला आणि पुन्हा पुठ्ठा पाहिला.

"आई, 'आवक' डावीकडे असतं ना? तुमचा चौकोन उजवीकडे आलाय."

मावशींनी पाहिले. ते खरे होते. सगळेच उलटे झाले होते. बावीस वर्षे हातात आलेली प्रत्येक वस्तू तोंड खाली करून ठेवण्याची त्या हातांना सवय होती, आणि त्या सवयीने त्यांनी कागदही पालथाच ठेवला होता. सून हसून हसून खुर्चीवर बसली. मावशीही हसल्या. मग त्यांनी दुसरा खोका उघडला. या वेळी कागद उताणा ठेवला आणि तो उताणाच राहावा म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

प्रत्येक चौकोनाशेजारी त्यांनी जाड पेनाने, आपल्या टपोऱ्या अक्षरांत, बटणाचे नाव लिहिले. 'बंद करा' या चौकोनावर पुठ्ठ्याची एक झडप बसवली आणि तिला लाल चिकटपट्टी लावली. ते बटण दाबायचे, तर डाव्या हाताने झडप उचलावी लागे. चुकून उचलली जाईल अशी ती नव्हती.

सोमवारी पुठ्ठा पडद्यावर चढला. बाकीची सव्वीस बटणे त्याच्यामागे गेली. माउसचा बाण पुठ्ठ्यामागे गेला की दिसत नसे, आणि जे दिसत नाही तिथे कुणी दाबायला जात नाही. बारा वाजता मावशींचे तेहतीस नमुने झाले होते. बुधवारी एकेचाळीस झाले.

गुरुवारी अधीक्षक खिडकीमागे येऊन उभे राहिले.

"हे काय आहे?"

"पुठ्ठा आहे, साहेब."

"ते दिसतंय मला. काढा तो."

"काढते. कोणत्या नियमाखाली काढायचा, ते लेखी द्या."

"परिपत्रक वाचलं नाही का तुम्ही?"

"पाठ झालंय. सर्व संगणकांची मांडणी एकसारखी राहील, असं आहे. पुठ्ठ्यामागं हात घालून बघा, बत्तीसच्या बत्तीस बटणं आहेत. पुठ्ठ्याबद्दल त्यात एक अक्षर नाही."

रांगेतला कुणीतरी खोकला. लांबोडा खाली मान घालून नसलेला कागद शोधू लागला. अधीक्षकांचे कान तांबडे झाले. "महिनाअखेरीला बघू," असे म्हणून ते गेले. संमतिपत्राचा कागद त्यांनी जाताना मावशींच्या टेबलावर पुन्हा ठेवला.

महिना संपायला चार दिवस होते, तेव्हा पुढचा प्रकार घडला. सकाळची गर्दी ऐन भरात होती. बंद नमुन्यांचा क्रेट ढकलगाडीवरून धुलाईखोलीकडे चालला होता आणि तो मावशींच्या खुर्चीमागून जाई. मावशींनी सहज मागे पाहिले. निळ्या टोपणाची एक बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात येण्याजोगे नव्हते. पण तपासणारे निम्मे पाणी तरी काढून घेतातच, त्यामुळे तपासलेली बाटली कधीही भरलेली नसते. बावीस वर्षे ज्यांनी ते उरलेले पाणी ओतले, त्यांना हे शिकवावे लागत नाही. मावशी खिडकीवर "आलेच" असे म्हणून उठल्या, ढकलगाडीमागून गेल्या आणि बाटली क्रेटमधून उचलून घेऊन आल्या. चिठ्ठीवर लांबोड्याच्या खिडकीचा क्रमांक होता.

लांबोड्याने चिठ्ठी पाहिली, पडदा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "मी बंद केला वाटतं. पुढे पाठवायचा होता."

"शेजारी शेजारी आहेत ती."

"माहीत आहे." मग तो हळूच म्हणाला, "मावशी, एक सांगू? कुलूप लागायच्या आधी मी पण ते बटण खालच्या ओळीत ढकललं होतं. तुमचं पाहूनच. बोललो नाही."

"बालवाडीची पाटी म्हणत होतास ना?"

"म्हणत होतो." त्याने मान खाजवली. "तुमच्या मापाचा अजून एक पुठ्ठा निघेल का?"

"निघेल. झडप तुझी तू बसव."

मावशी ती बाटली आणि टेबलावरचे संमतिपत्र घेऊन अधीक्षकांकडे गेल्या. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि काय झाले ते सांगितले. कुणी केले, ते सांगितले नाही.

अधीक्षकांनी चिठ्ठी वाचली. "ही चूक माणसाची आहे. मांडणीची नाही."

"हीच चूक पाच वर्षांपूर्वी माझ्या हातून झाली होती. दोन माणसं एकाच पायरीवर पडली, तर माणसांना काय विचारायचं? पायरी बघायची असते."

"आणि तुम्ही रजेवर असलात तर? माझा मुद्दा तोच होता आणि अजून तोच आहे."

"त्याचं उत्तर लिहून देते. पेन द्या."

अधीक्षकांनी पेन दिले. मावशींनी संमतिपत्र टेबलावर ठेवले, ते सवयीप्रमाणे पालथे. या वेळी मात्र त्यांनी ते तसेच राहू दिले. मागच्या कोऱ्या बाजूवर, उभ्या राहूनच, त्यांनी लिहायला सुरुवात केली. वेळ लागला. अधीक्षकांनी दोनदा घड्याळ पाहिले, पण मध्ये बोलले नाहीत. लिहिलेले असे होते:

"माझ्या पडद्यावर सहा बटणे असतील. ती डावीकडून उजवीकडे टेबलाप्रमाणे आहेत. बंद करा हे बटण कोपऱ्यात आहे कारण ओतलेले पाणी परत आणता येत नाही. माझ्या जागी जो बसेल त्याने हा कागद वाचावा. पाच मिनिटे लागतील. ही मांडणी चुकीची आहे असे मी लिहून देणार नाही. मला धुलाईखोलीत पाठवायचे असल्यास पाठवावे. तिथेही मी माझी घडवंची माझ्या पद्धतीने लावीन."

त्याखाली त्यांनी पूर्ण सही केली, प्रत्येक अक्षर सुटे काढून.

अधीक्षकांनी कागद वाचला. मग बाटलीकडे पाहिले. पाणी स्थिर झाले होते आणि त्यातून त्यांच्या टेबलाची पलीकडची कड वाकडी दिसत होती. शेवटी कागद परत पुढे सरकवून ते म्हणाले, "खाली तारीख राहिली."

मावशींनी तारीख घातली, बाटली उचलली आणि ती तपासणीसाठी स्वतः आत नेऊन दिली. ते पाणी स्वच्छ निघाले. ज्यांनी ते आणले होते त्यांना निकाल वेळेवर मिळाला, आणि मधे काय घडले हे त्यांना कधीच कळले नाही.

अधीक्षकांनी आपले परिपत्रक मागे घेतले नाही. महिनाअखेरीच्या दिवशी मात्र दुरुस्तीवाला आला आणि त्याने दोन्ही खिडक्यांच्या संगणकांचे कुलूप काढले. कुणाच्या सांगण्यावरून, ते त्याला विचारायची गरज पडली नाही. मावशींनी जेवणाच्या सुट्टीत आपला पिवळा पडदा पुन्हा मांडला. त्यांनी लिहिलेला कागद फाइलीत लागला होता. संमतिपत्राची छापील बाजू पाहायची असेल, तर फाइल उलटी धरावी लागे.

त्याच आठवड्यात सूचनाफलकावर नवा कागद लागला. धुलाईखोलीतल्या रिकाम्या जागेवर बाहेरून बाई घ्यायची होती. मावशींनी फलकासमोर उभे राहून तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. लांबोडा मागून आला.

"सुटलात, मावशी. तुमची जागा दुसऱ्या कुणाला मिळणार."

"ते कळलं मला. पण अक्षर बघ केवढं काढलंय. बाटल्या धुवायला येणारी बाई हे कसं वाचणार?"

"वाचून दाखवेल कुणीतरी."

"का म्हणून?"

त्यांनी त्याच्या खिशातले जाड पेन काढून घेतले, हातमोज्यांच्या खोक्याचा उरलेला पुठ्ठा आणला, आणि ती सूचना बोटभर उंच अक्षरांत पुन्हा लिहून त्या छापील कागदावर चिकटवली.